गावाचा कारभार उघडा, घरची गोष्ट झाकलेली

खेड्यात काही गुपित राहत नाही, असे सहज म्हटले जाते. वर्धा जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात कोणाच्या वावरात किती कापूस निघाला, कोणाकडे पाहुणे मुलगी पाहायला आले, कोणाचे सोसायटीचे कर्ज थकले, हे बहुतेकांना ठाऊक असते. एवढ्यावरून खासगीपणा ही शहरातल्या शिकलेल्यांची हौस आहे असा निष्कर्ष काढला जातो, आणि तो चुकीचा आहे. शेजारच्या घरातले भांडण ऐकू आले तरी दुसऱ्या दिवशी त्या घरी ताक मागायला जाताना तो विषय काढायचा नसतो, हे गावातल्या लहान पोरालाही कळते. तोंडी माहिती ओळखीच्या माणसांतच फिरते, सांगणाऱ्यालाही उद्या त्याच पारावर बसायचे असते, आणि दोन पावसाळ्यांत ती विरून जाते. संगणकात गेलेली माहिती विरत नाही, गावाची शीव ओळखत नाही, आणि ती कोण वाचतो आहे हे ज्याची ती आहे त्याला कधी कळत नाही.

वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर या आठ तालुक्यांत २०११च्या जनगणनेनुसार सुमारे १३ लाख लोक राहतात. त्यांतले दोन तृतीयांश खेड्यांत. त्यांचा सरकारशी रोजचा संबंध येतो तो तलाठ्याच्या चावडीत, ग्रामपंचायतीत, सोसायटीत, स्वस्त धान्य दुकानात आणि अंगणवाडीत. गेल्या पंधरा वर्षांत या प्रत्येक ठिकाणी कागदाच्या वहीशेजारी एक पडदा आला. आधार क्रमांक देण्याची सुरुवातही महाराष्ट्रातूनच झाली. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात वाटले गेले.

सातबाऱ्यावरून हा बदल चांगला कळतो. जमिनीची नोंद ही पूर्वीपासूनच सार्वजनिक आहे आणि तशीच असायला हवी. नाहीतर एकच वावर तिघांना विकले जाईल. मात्र पूर्वी उतारा पाहायचा तर तलाठ्याकडे जावे लागे, आणि कोण कोणाचा उतारा मागतो आहे हे तलाठ्याला दिसे. आता महाभूलेखवर गट क्रमांक किंवा नाव टाकले की कुठूनही सातबारा दिसतो. कास्तकाराचे हेलपाटे वाचले, हा मोठाच लाभ. पण उताऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजाही नोंदलेला असतो. कोणाची जमीन कर्जात आहे, हे आता गावाबाहेरच्या दलालालाही बसल्या जागी समजते. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो आणि रस्त्यालगतच्या जमिनीकडे डोळे लावून बसलेले पुष्कळ आहेत. नोंद उघडी ठेवण्याचा हेतू व्यवहारातली फसवणूक टाळण्याचा होता. अडलेला माणूस हेरण्याची सोय हा त्या हेतूचा भाग नव्हता.

कर्जमाफीच्या याद्यांनी हाच प्रश्न अधिक दुखरा केला. २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना विशेष मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. कर्ज ही इथे केवळ आकड्याची बाब राहिलेली नाही. ज्या घराची सोयरीक जुळायची आहे, ज्याला दुकानातून उधारीवर बियाणे आणायचे आहे, त्याच्यासाठी ती पत आणि मान यांची बाब आहे. २०१७च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत आलेल्या अर्जांचे गावोगावी चावडी वाचन करायचे ठरले. यादी वाचायची, अपात्र माणसाचे नाव असेल तर गावाने हरकत घ्यायची. सरकारी पैसा कोणाला जातो हे गावाला कळले पाहिजे, हे तत्त्व योग्यच. पण त्याच वाचनात थकबाकीदाराचे नाव भर चावडीत उच्चारले जाते, हेही खरे. पुढे २०१९च्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत प्रत्येक खात्याला विशिष्ट क्रमांक दिला गेला आणि २४ फेब्रुवारी २०२०ला पहिली यादी लागली. शेतकऱ्याने आपले सरकार सेवा केंद्रावर जाऊन आधार प्रमाणीकरण करायचे आणि पडद्यावरची कर्जाची रक्कम मान्य आहे का ते सांगायचे, अशी पद्धत होती. पद्धत सुधारलेली होती. पण केंद्र म्हणजे बहुधा दहा बाय दहाची खोली, मागे रांग, आणि मान वळवली तर पडदा सर्वांना दिसणारा. खासगीपणा जपण्यासाठी तिथे कोणते अवघड तंत्रज्ञान नको होते. पडदा भिंतीकडे वळवला असता आणि रांग दाराबाहेर ठेवली असती तरी बरेच साधले असते.

रोजगार हमीच्या कामांवर माहितीच्या उघडेपणाचा इतिहास वेगळा आहे. हजेरीपट उघडा असावा ही मागणी मजुरांचीच होती, कारण खोटी नावे घालून मजुरी उचलण्याचे प्रकार सर्रास चालत. म्हणून २००५च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या कलम १७ने कामांचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे सोपवले. कोणाच्या नावावर किती दिवस आणि किती मजुरी, हे संकेतस्थळावर कोणालाही पाहता येऊ लागले. इथे कामाची आणि पैशाची माहिती उघडी होती आणि ती पाहणारा मजूर होता. जानेवारी २०२३पासून मात्र मोबाइल ॲपवरून हजेरी सक्तीची झाली. दिवसातून दोनदा कामावरच्या मजुरांचा फोटो स्थळाच्या नोंदीसह चढवायचा, आणि ते फोटोही संकेतस्थळावर. उन्हात पदर डोक्यावर घेऊन उभ्या असलेल्या बायांचे चेहरे जगाला दाखवून भ्रष्टाचार थांबेल, अशी अपेक्षा होती. तो थांबला नाही. जुलै २०२५मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच एका परिपत्रकात सांगावे लागले की असंबद्ध फोटो चढवले जातात, फोटोचाच फोटो काढून पाठवला जातो. मजुराचा चेहरा उघडा पडला आणि लबाडी करणारा झाकलेलाच राहिला.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेने घराघरांतल्या स्त्रियांना या व्यवस्थेत एकदम आणले. जुलै २०२४मध्ये सुरू झालेल्या या योजनेत २१ ते ६५ वर्षांच्या पात्र स्त्रीला दरमहा १,५०० रुपये मिळतात. अर्जाला आधार, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, फोटो लागत होता. अंगणवाडी सेविका, सेवा केंद्रचालक, गावातला मोबाइल हाताळणारा एखादा पोरगा अशा अनेकांच्या फोनमधून ही कागदपत्रे गेली. अर्ज भरून देणाऱ्यांनी बहुतेक ठिकाणी मनापासून मदत केली, यात शंका नाही. पण काम संपल्यावर त्या फोनमधले फोटो कोणी पुसले, याची विचारणा झाली नाही. सप्टेंबर २०२५मध्ये सुरू झालेल्या ई-केवायसीत पतीचा किंवा वडिलांचा आधारही मागितला गेला. ज्यांचा नवरा वारला आहे, सोडून गेला आहे किंवा ज्या माहेरी परत आल्या आहेत, त्यांना खिडकीवर उभे राहून आपल्या संसाराची हकीकत सांगणे भाग पडले. माहितीचा प्रत्येक नवा रकाना कोणाला तरी बोलायला लावतो, आणि बोलायला लागणारी व्यक्ती बहुधा सर्वांत अडचणीतली असते.

या सगळ्याच्या मुळाशी झेरॉक्सची सवय आहे. सिमकार्ड, गॅस, बचत गटाचे कर्ज, शाळेचा दाखला, लॉजमधली खोली, सगळीकडे आधारची झेरॉक्स दिली जाते. मे २०२२मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने झेरॉक्स देताना सावध राहा, असे सांगितले आणि गोंधळ उडताच दोन दिवसांत ती सूचना मागे घेतली गेली. सूचना मागे घेतली तरी धोका गेला नाही. आधार क्रमांकाचे शेवटचे चारच अंक दाखवणारी प्रत प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मिळते, सोळा अंकी तात्पुरता आभासी क्रमांक काढता येतो आणि अंगठ्याचे व डोळ्यांचे ठसे कुलूपबंदही करता येतात. ठसे कुलूपबंद करण्याचे महत्त्व विशेष आहे. आधारच्या आधारे गावातच पैसे काढता येतात आणि त्यासाठी अंगठा पुरतो. जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे ठसे उचलून त्यांचे कृत्रिम अंगठे बनवण्याचे आणि खात्यातून पैसे काढण्याचे गुन्हे देशात काही राज्यांत उघड झाले आहेत. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही.

गावच्या राजकारणात खासगी आणि सार्वजनिक यांची सीमा आणखी गुंतागुंतीची होते. ग्रामपंचायत सदस्याचे घर कायद्यानेच बरेचसे उघडे केले आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४नुसार १२ सप्टेंबर २००१नंतर दोनापेक्षा अधिक अपत्ये झालेली व्यक्ती सदस्य राहू शकत नाही. घरी शौचालय असून ते वापरात असावे लागते. सरकारी जागेवर अतिक्रमण चालत नाही. अतिक्रमण घरच्या दुसऱ्या माणसाचे असले तरी त्या जागेत राहणारा सदस्य अपात्र ठरू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात म्हटले. त्यामुळे निवडणूक संपली की हरलेला गट जन्मनोंदी, घराचा उतारा, शाळेचे दाखले गोळा करतो आणि प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. जो सत्ता मागतो त्याने आपली मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहिती मतदारांपुढे ठेवावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ आणि २००३च्या निकालांत ठरवून दिले आहे आणि ते योग्यच आहे. पण तिसरे अपत्य कोणाचे, ते दत्तक दिले की काय, अशी चौकशी सुरू होते तेव्हा तिचा भार बाईवर आणि त्या लेकरावर पडतो. कारभार तपासण्याच्या नावाखाली घर तपासले जाते, आणि रस्त्याच्या कामाचे मोजमाप तपासायचे राहून जाते.

सामान्य गावकऱ्याच्या वाट्याला आलेला याहून वाईट प्रकार म्हणजे गुड मॉर्निंग पथके. हागणदारीमुक्तीच्या मोहिमेत ही पथके पहाटे शिवारात जाऊन उघड्यावर बसलेल्यांना गाठत. काही ठिकाणी फोटो काढले, हार घातले. स्वच्छतेचा हेतू कितीही चांगला असला तरी माणसाला त्या अवस्थेत कॅमेऱ्यापुढे धरणे हा अपमान होता. ज्यांच्या घरी जागा नव्हती, पाणी नव्हते, त्यांचाच तो झाला. संत गाडगेबाबांच्या नावाने ज्या राज्यात ग्रामस्वच्छता अभियान चालते, तिथे हे घडावे याची खंत वाटली पाहिजे. गाडगेबाबा स्वतः हातात खराटा घेत. लोकांची फजिती हे त्यांचे साधन नव्हते.

मतदान गुप्त असते, पण गावात ते जेमतेम गुप्त राहते. सात सदस्यांच्या ग्रामपंचायतीत प्रभाग इतका लहान असतो की निकालाच्या आकड्यांवरून कोणती आळी कोणाकडे गेली याचा अंदाज त्याच संध्याकाळी बांधला जातो. विधानसभा-लोकसभेतही मतदान केंद्रनिहाय आकडे जाहीर होतात. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा निवडणूक नियम ५९-अ नुसार अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती, म्हणजे एखाद्या वस्तीला मतदानाची शिक्षा देता येऊ नये. मतदान यंत्रांची एकत्र मोजणी करणाऱ्या टोटलायझरची शिफारस निवडणूक आयोगाने २००८मध्ये आणि विधी आयोगाने २०१५मध्ये केली. ती अजून अमलात आलेली नाही. तोवर एखाद्या वस्तीतला नळ किंवा नाली का रखडली, याचे उत्तर लोक मतांच्या आकड्यांत शोधत राहणार.

मतदारयादी ही सार्वजनिकच असते आणि हरकती घेण्यासाठी ती तशी असायला हवी. तिच्यात मोबाइल क्रमांक नसतो. तरीही निवडणूक जवळ आली की उमेदवाराचे संदेश आणि मतदाराच्या नावाची चिठ्ठी थेट फोनवर येते. याद्या आडनाव, वय, घर अशा रीतीने लावून देणारी सॉफ्टवेअर बाजारात मिळतात. क्रमांक कुठल्या वहीतून किंवा कोणत्या गटातून जोडला गेला, हे मतदाराने विचारायला हवे, आणि उमेदवाराला सांगता यायला हवे.

व्हॉट्सॲपचे गट आता गावाचा दुसरा पार झाले आहेत. मयत, पाणी सुटण्याची वेळ, कापसाचा भाव, हरवलेली गाय, सगळे तिथे कळते, आणि त्याने खरोखर सोय झाली आहे. धोका दोन बाजूंनी आहे. पहिला अफवेचा. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुले पळवणारी टोळी आली या समजातून भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार केले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. दुसरा धोका माणसाच्या अब्रूचा. रुग्णालयातला फोटो, पळून गेलेल्या मुला-मुलीची नावे, पोलीस ठाण्यातला कागद क्षणात शंभर फोनवर जातो. गटाचा ॲडमिन प्रत्येक सदस्याच्या मजकुराला जबाबदार नसतो, समान हेतू सिद्ध झाला तरच तो दोषी, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१मध्ये सांगितले. वर्धा जिल्हा याच खंडपीठाच्या कक्षेत येतो. म्हणजे जबाबदारी मजकूर टाकणाऱ्याची आणि तो पुढे ढकलणाऱ्याची आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २६ सप्टेंबर २०१८च्या निकालात सरकारी लाभांसाठी आधार वैध राहिला, पण बँक खाते आणि मोबाइलला तो जोडण्याची सक्ती गेली. आधार कायद्याचे कलम २९ कोणाचाही आधार क्रमांक जाहीरपणे लावायला मनाई करते. ग्रामपंचायतीच्या फलकालाही ते लागू आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, आणि माहिती गोळा करणाऱ्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. मात्र कागदावरच राहिलेल्या नोंदी या कायद्याबाहेर आहेत, आणि सरकारला योजनांच्या लाभासाठी माहिती वापरायला बरीच मोकळीक आहे. झेरॉक्सच्या दुकानातला गठ्ठा आणि सरकारी दप्तर, गावकऱ्याची सर्वाधिक माहिती जिथे असते त्या दोन्ही ठिकाणी कायद्याचा हात सैल आहे.

एका ठिकाणी मात्र तो घट्ट झाला, आणि तेच घातक ठरते आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ)नुसार सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा एखाद्याच्या खासगी जीवनात विनाकारण शिरकाव करणारी माहिती नाकारता येत असे. विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, अशी पुस्तीही होती. विदा संरक्षण कायद्याने ही सारी अट काढली. १४ नोव्हेंबर २०२५पासून ‘वैयक्तिक माहिती’ एवढे कारण पुरते. घरकुलाची यादी, ठेकेदाराचे देयक, कर्मचाऱ्याची हजेरी, प्रत्येकात कोणाचे तरी नाव असतेच. म्हणून प्रत्येक अर्ज फेटाळण्याची वाट मोकळी झाली. कलम ८(२) अजून शिल्लक आहे. जनहित मोठे असेल तर माहिती द्यावी असे ते सांगते, आणि अर्जदारांनी आता त्याचाच आधार घ्यायला हवा. माहिती अधिकारासाठी अण्णा हजारे यांच्यासारख्यांनी उपोषणे केली, महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, २००२ साली स्वतःचा कायदा आणला. खासगीपणाच्या नावाने तो हक्क पातळ करणे हा खासगीपणाचाही अवमान आहे. खासगीपणा दुबळ्याचे संरक्षण म्हणून जन्मला. दप्तरावर टाकायचे पांघरूण म्हणून त्याचा उपयोग होऊ देता कामा नये.

काय उघडे ठेवावे आणि काय झाकावे, याचा एक मापदंड वर्धा जिल्ह्यातच आहे. गांधीजी १९३६ साली सेगावात राहायला आले. १९४०मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. तिथे त्यांच्या राहण्या-खाण्याचे, पत्रव्यवहाराचे फारसे काही झाकलेले नसे. संपर्कात राहता यावे म्हणून व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी बसवून दिलेला टेलिफोन आश्रमात आजही पाहायला मिळतो. १८८५च्या तार कायद्याने संदेश अडवण्याचा आणि वाचण्याचा अधिकार सरकारला दिला होता, तरीही १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने ‘भारत छोडो’चा ठराव वर्ध्यातच संमत केला. गांधीजींचा उघडेपणा त्यांनी स्वतः निवडला होता, आणि सार्वजनिक पैशाचा पैन् पैचा हिशेब ही त्यातली पहिली गोष्ट होती. सरकारने नागरिकावर लादलेला उघडेपणा ही याच्या नेमकी उलट गोष्ट आहे. ग्रामपंचायतीचा आराखडा, जमा आणि खर्च ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर २०२०पासून पाहता येतो. डिजिटल साधन कोणत्या दिशेने वळवायचे याचे ते चांगले उदाहरण आहे, पण गावात ते उघडून पाहणारे फार थोडे आहेत.

यातले पुष्कळ काम मुंबई-दिल्लीची वाट न पाहता गावात करता येते. लाभार्थ्यांच्या यादीत नाव, योजना आणि रक्कम एवढेच असावे. आधार, खाते आणि मोबाइल क्रमांक नसावेत. सेवा केंद्रात पडदा रांगेला दिसू नये, आणि काम झाल्यावर फोनमधले फोटो अर्जदारासमोर पुसावेत. ग्रामपंचायतीने बसवलेल्या सीसीटीव्हीचे चित्रण कोण पाहतो आणि किती दिवस ठेवतो, हे लिहून लावावे. देयके, मोजमाप वही आणि कामांचे फोटो मात्र मागण्याआधीच फलकावर यावेत. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे ग्रामपंचायतीला बंधनकारक आहे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय यावा, यासाठी वाचकांनी सरपंचांकडे आजच लेखी अर्ज द्यावा. आणि खात्यातून पैसे गेल्याचे लक्षात आले तर लाज न बाळगता त्याच तासाला १९३० या क्रमांकावर फोन करावा.